लानचौ : पीत नदीच्या दोन्ही काठांवरचं शहर (चर्चा आणि माहिती)

गोदाकाठ

रेशीममार्गावर जाणाऱ्या बहुतेकांच्या वेळापत्रकात शीआन असतं, दुनहुआंग असतं, आणि मधे लानचौ फक्त गाडी बदलायला असतं. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. जे राहून आले आहेत त्यांनी भर घालावी, जे जाणार आहेत त्यांनी बिनधास्त विचारावं.

लानचौ ही गान्सू प्रांताची राजधानी. उंची साधारण १,५०० मीटर. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला डोंगर, मधे चिंचोळं खोरं आणि त्यातून वाहणारी पीत नदी, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातली ह्वांग हो. जिनान, चंगचौ ही मोठी शहरंही याच नदीची म्हणवतात, पण तिथे नदी शहराच्या कडेने जाते. प्रांताच्या राजधानीच्या अगदी मधून पीत नदी वाहते ती फक्त लानचौत. खोऱ्यामुळे शहराला उत्तर-दक्षिण पसरायला जागाच नाही. ते नदीच्या बाजूने पूर्व-पश्चिम लांबत गेलं आहे. त्यामुळे कुठेही उतरलात तरी नदी चालत गाठता येते.

शहर इथेच का वसलं, याचं उत्तरही नदीतच आहे. जुन्या चांगआनहून (आजचं शीआन) पश्चिमेला निघालेल्या व्यापाऱ्याला, सैनिकाला, भिक्षूला पीत नदी कुठेतरी ओलांडावीच लागायची. ती ओलांडली की वायव्येला छिल्येन पर्वत आणि वाळवंट यांच्यामधला चिंचोळा पट्टा लागतो : वूवेई, चांगये, च्यायूग्वान आणि शेवटी दुनहुआंग. हान राजवटीत, इ.स.पू. ८१ मध्ये, इथे जिनचंग नावाचा सरहद्दीचा सुभा झाला. लानचौ हे नाव इ.स. ५८१ पासूनचं, सुई राजवटीतलं.

नदी ओलांडायची कशी? मिंग काळात, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इथे नावांचा तरंगता पूल बांधला गेला. २४ नावा शेजारीशेजारी उभ्या करून, साखळ्यांनी आणि दोरखंडांनी जखडून त्यावर फळ्या टाकलेल्या. हिवाळ्यात नदी गोठायला लागली की पूल सोडवून ठेवायचा. मग बर्फच पूल व्हायचं, माणसं आणि गाड्या त्यावरून जायच्या. वसंतात बर्फ फुटलं की पुन्हा नावा जोडायच्या. पाचशेहून अधिक वर्षं हे चाललं. साखळ्या ज्यांना बांधायचे त्या लोखंडी खांबांपैकी एक आजही पुलाच्या दक्षिण टोकाजवळ उभा आहे. त्यावर १३७६ साल कोरलेलं आहे. बहुतेक पर्यटक त्याच्याकडे पाठ करून पुलाचा फोटो काढतात. तिथे जाल तेव्हा कृपा करून आधी खांब बघा.

नंतर आला लोखंडी पूल. १९०७ ला काम सुरू, १९०९ ला पूर्ण. पाच गाळे, लांबी २३३ मीटरच्या आसपास. १९४२ मध्ये सुन यत्-सेन यांच्या स्मरणार्थ त्याला चोंगशान (हे त्यांचंच चिनी नाव) पूल हे नाव मिळालं. आता त्यावरून फक्त माणसं चालतात. संध्याकाळी गावातली म्हातारी मंडळी, शाळेतली पोरं, नवी लग्नं झालेली जोडपी, सगळे तिथे असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे : लानचौचा वारसा राजवाड्यात किंवा किल्ल्यात शोधाल तर हाती फार काही लागणार नाही. नदी ओलांडायची, नदीतून पाणी उचलायचं, नदीवरून माल न्यायचा, यासाठी इथल्या माणसांनी जे जे केलं त्यात तो आहे. पूल, रहाट, कातड्यांचे तराफे आणि थोडं वर गेलं की बिंगलिंगची लेणी. हे समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो.

मावळतीकडे

सुंदर सुरुवात. आम्ही पुढच्या वर्षी जायचं ठरवतोय, त्यामुळे वाचनखूण साठवली.

एक शंका. तिथल्या फलकांवर हा ‘पीत नदीवरचा पहिला पूल’ असं लिहिलेलं असतं असं वाचलं होतं. पण रेल्वेचा पूल त्याआधी झाला होता ना?

लोखंडी_रूळ

ताई, शंका बरोबर आहे. चंगचौजवळचा बीजिंग-हानकौ रेल्वेचा पूल १९०५-०६ चा. लानचौचा पूल हा नदीवरचा पहिला कायमस्वरूपी रस्त्याचा पूल. त्या नात्याने ‘पहिला’ म्हणायला हरकत नाही.

मी पुलांच्या कामात आयुष्य घालवलं आहे, म्हणून या पुलाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. गोदाकाठ यांनी जे लिहिलं त्यात मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती वाहतुकीची. कंत्राट जर्मन पेढीला दिलं होतं. पोलाद, रिव्हेट, सिमेंटसुद्धा युरोपातून बोटीने त्यांचिनला आलं. तिथून आगगाडीने हनानपर्यंत. पुढे रेल्वे नव्हतीच. लानचौला रेल्वे पोचली १९५२ मध्ये! म्हणजे हनानपासून शेकडो मैल, लोएसच्या, म्हणजे वाऱ्याने साचलेल्या पिवळ्या मातीच्या, घळींमधून, चढउतारांवरून, एकेक सुटा भाग घोड्यांच्या आणि खेचरांच्या गाड्यांवर घालून आणला. जड आणि लांब तुळया अशा रस्त्यावर वळणांतून कशा नेल्या असतील, हे ज्याने कधी गर्डर हलवला आहे त्याला विचारा.

पूल हवा ही कल्पना त्याहून जुनी. सेनापती आणि प्रशासक त्सो त्सुंगतांग १८७० नंतर लानचौत होता, तेव्हा त्याने परदेशी व्यापाऱ्याकडे विचारणा केली होती. व्यापाऱ्याने सहा लाख ताएल (जुनं चिनी वजन) चांदी सांगितली आणि ते तिथेच राहिलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुभेदार शंग युन आणि त्याचा अधिकारी फंग यिंगच्या यांनी तीन लाखांहून थोड्या जास्त ताएलमध्ये तो उभा केला. (त्याच त्सो त्सुंगतांगने १८८० मध्ये लानचौत जर्मन यंत्रांवर चालणारी लोकरीची गिरणी काढली. चीनमधली ती पहिली यांत्रिक लोकर गिरणी.)

आता पुलाकडे नीट बघायचं कसं : वर ज्या कमानी दिसतात त्या मूळच्या नाहीत. ऑगस्ट १९४९ मध्ये चिनी यादवी युद्धातली लानचौची लढाई झाली, तेव्हा पुलावर गाड्या पेटल्या आणि लाकडी तक्तपोशी जळाली. सांगाडा वाचला. १९५४ मध्ये दुरुस्ती करताना मूळच्या सरळ कैच्यांच्या डोक्यावर कमानदार पोलादी जोड दिली गेली, भार पेलण्यासाठी. १९०९ चा पूल खालच्या सपाट जाळीत दिसतो, १९५४ चा वरच्या कमानींमध्ये. रिव्हेटच्या रांगा जवळून बघा. दोन काळांची कामं शेजारीशेजारी ओळखता येतात. मला त्या कमानी आवडतात. जुन्यावर नवं चढवताना जुनं झाकलं नाही, याचा आदर वाटतो.

कातळवेडा

बिंगलिंगबद्दल मी लिहितो. लेण्यांसाठीच तिथे गेलो होतो आणि अजून त्यातून बाहेर आलेलो नाही.

जागा लानचौच्या नैऋत्येला, योंगजिंग तालुक्यात, ल्यूजियाश्या धरणाच्या जलाशयाच्या वरच्या भागात. धरणाजवळून बोट पकडायची. सुरुवातीला पाणी पसरट, दोन्हीकडे पिवळ्या मातीचे उघडे डोंगर. मग एकाएकी खोरं आवळतं आणि लाल वाळूखडकाचे सुळके उभे राहतात, एकाला एक लागून. त्याच कड्यात लेणी आहेत. लहानमोठी लेणी आणि कोनाडे मिळून १८३ मोजले जातात.

आपल्याकडे लेणं म्हटलं की मोठं दालन, खांब, मागे गाभारा अशी कल्पना असते. इथे बहुतेक ठिकाणी कोनाडाच आहे. त्यात दोन किंवा तीन मूर्ती, आणि बस्स. दगड मऊ आहे, त्यामुळे शिल्प ढोबळ कोरून वरून मातीचा लेप, मग रंग, अशी पद्धत बरीच दिसते. अजिंठ्याच्या बेसॉल्टमध्ये शिल्पी जे छिन्नीने करतो ते इथे हाताच्या बोटांनी, ओल्या मातीत केलेलं आहे. कपड्यांच्या चुण्या बघितल्या की हा फरक डोळ्यांना लगेच कळतो.

मोठी मूर्ती मैत्रेय बुद्धाची, २७ मीटर उंच, तांग काळातली. वरचं अंग दगडाचं, खालचं मातीचं. बोटीतून उतरणारे सगळे तिच्याकडे धावतात. पण खरं लेणं तिच्या डोक्याच्या वर आहे. क्रमांक १६९. कड्यात साठेक मीटर उंचीवर असलेली एक नैसर्गिक गुहा. लाकडी जिन्यांनी चढावं लागतं, वेगळं आणि महाग तिकीट आहे, आणि वारा असेल तर वर सोडत नाहीत.

१९६३ मध्ये या गुहेत शाईने लिहिलेला एक लेख सापडला. त्यावरचं साल पश्चिमी छिन राजवटीचं, म्हणजे इ.स. ४२०. चीनमधल्या लेण्यांमध्ये सालासकट सापडलेला हा सर्वांत जुना लेख मानला जातो. त्याच्याजवळ अमितायुस बुद्ध, दोन्ही बाजूंना अवलोकितेश्वर आणि महास्थामप्राप्त हे बोधिसत्त्व. भिंतीवर आजारी विमलकीर्ती (बौद्ध सूत्रातला ज्ञानी गृहस्थ) पलंगावर पडलेला रंगवला आहे. आणि दान देणाऱ्यांच्या चित्रांमध्ये एक परदेशी ध्यानगुरू आहे. त्याचं नाव चिनी अक्षरांत ‘थान-मो-पी’ असं लिहिलं आहे. ‘थान-मो’ म्हणजे धर्म. कुठल्या गावचा होता, कुठल्या वाटेने आला, काही कळत नाही. पण ‘धर्म’ हा शब्द नावात घेऊन कुणीतरी एवढ्या लांब येऊन बसला आणि लोकांनी त्याला भिंतीवर जागा दिली.

काळाचा हिशेब आपल्या माणसांसाठी मुद्दाम लिहितो. अजिंठ्याची ९ आणि १० क्रमांकाची जुनी चैत्यगृहं याच्या कितीतरी आधीची, इसवी सनापूर्वीची. पण १, २, १६, १७ ही ज्यांच्या चित्रांसाठी आपण अजिंठा बघतो ती लेणी वाकाटक हरिषेणाच्या काळातली, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. म्हणजे बिंगलिंगच्या १६९ मध्ये कुणी अमितायुस रंगवत होता तेव्हा अजिंठ्याच्या त्या भिंती अजून कोरल्या गेल्या नव्हत्या. दोन्ही ठिकाणी मातीच्या गिलाव्यावर, गिलावा वाळल्यावर रंग दिले आहेत. एकाने दुसऱ्याचं बघून केलं असं कुणी म्हणू नये. गांधार, कुचा, दुनहुआंग अशी मधली साखळी लांब आहे. पण दोन्ही बघितलेल्या माणसाला ओळख पटते, एवढं नक्की.

वाघूरकाठ

कातळवेडा, प्रतिसाद दोनदा वाचला. मी अजिंठ्याजवळच्या गावातली आहे. आमच्या शाळेच्या सहली २६ नंबरपाशी, निद्रिस्त बुद्धापाशी संपायच्या. बिंगलिंगमध्ये महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे का?

कातळवेडा

आहे, आणि तिची कथा धरणाशी जोडलेली आहे. मूळची १६ क्रमांकाच्या लेण्यात, उत्तर वेई काळातली, साडेआठ मीटरहून थोडी जास्त लांब. तुमच्या २६ मधली साधारण सात मीटर आहे. धरणाचं पाणी चढणार म्हणून १९६७ मध्ये ही मूर्ती तुकडे करून काढली. नंतर बरीच वर्षं ती तशीच ठेवलेली होती. आता नदीच्या पलीकडच्या अंगाला तिच्यासाठी वेगळी इमारत बांधून तिथे जोडून ठेवली आहे. छोटा पूल ओलांडून जावं लागतं. बरेच लोक कंटाळा करतात. तुम्ही करू नका.

उजनीकाठचा

धरणाचा विषय निघालाच आहे तर लिहितो. आमचं मूळ गाव भीमेच्या काठचं. उजनीच्या पाण्यात पळसदेवचं देऊळ गेलं. दुष्काळी वर्षात पाणी खाली गेलं की शिखर, मग सभामंडप वर येतो, आणि गावातले लोक बोटीने बघायला जातात. त्यामुळे ‘खालची लेणी पाण्यात गेली’ असं वाचलं की पोटात कालवतं.

ल्यूजियाश्याचं काम १९५८ ला सुरू झालं, १९७४ ला सगळे पाच संच चालू झाले. १४७ मीटर उंच धरण, बारा लाख किलोवॉटहून जास्त क्षमता. त्या वेळी चीनमधलं सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र. इथल्या सदस्या शांघायवासींना विचारा, चिनी लोकांना या धरणाचा अभिमान आहे. मलाही समजतं, वीज लागतेच. पण मग लेण्यांचं किती गेलं?

कातळवेडा

दादा, तुमचं दुखणं कळतं. लेण्यांसमोर संरक्षक बांध घातला आहे, त्यामुळे कडा पाण्यात उभा राहिला नाही. पण जलाशयाचा गाळ साचून समोरची जमीनच वर आली. सर्वांत खालच्या रांगेतल्या कोनाड्यांमधल्या काही मूर्ती आणि चित्रं काढून वर हलवली, काही कोनाडे बंद झाले. तुम्ही तिथे उभे राहिलात की पायाखाली काय आहे याची जाणीव सुटत नाही. दुसरी बाजू अशी की १९५१ पर्यंत ही लेणी बाहेरच्या अभ्यासकांना जवळजवळ माहीतच नव्हती. पाहणी १९५२ ची आणि धरण १९५८ चं. सहा वर्षांचं अंतर. ही पाहणी आणखी दहा वर्षं उशिरा झाली असती तर काय वाचवायचं हेही कुणाला ठरवता आलं नसतं. २०१४ मध्ये रेशीममार्गाच्या जागतिक वारसा यादीत बिंगलिंगचा समावेश झाला तो त्या पाहणीमुळे.

पळसदेवला असं काही झालं नाही, याची खंत मलाही आहे.

शांघायवासी

उजनीकाठचा, तुम्ही नाव घेतलंत म्हणून लगेच लिहिते. मी शांघायची, इथल्या वायव्येशी माझा संबंध प्रवासापुरता. पण नवऱ्याच्या कामामुळे लानचौला जाणं होतं.

धरणामुळे शहरातली नदीही बदलली आहे. गोदाकाठ यांनी लिहिलेला बर्फाचा पूल आता होत नाही. धरणातून येणारं पाणी हिवाळ्यातही तितकं गार नसतं, त्यामुळे लानचौत नदी पूर्वीसारखी गोठत नाही. गाळही बराचसा वरच अडतो. पावसाळ्यानंतर गेलात तर पाणी पिवळंच दिसेल, पण वसंतात हिरवट निळं पाणी बघून माझी मुलं विचारत होती, हिला पीत का म्हणतात?

खाण्याबद्दल कुणी विचारलं नाही अजून!

मावळतीकडे

मी विचारणारच होते. आमच्यात दोघी शाकाहारी आहेत. आणि लानचौ म्हटलं की बीफ नूडल्स हेच समोर येतं.

शांघायवासी

ते खरं आहे. आधी जे आहे ते सांगते, मग पर्याय.

लानचौचे नूडल्स हुई मुसलमानांचे. आजच्या रूपातली ही डिश मा पाओझी नावाच्या विक्रेत्याच्या नावाशी जोडतात, साल १९१५. चांगल्या वाडग्याची पाच लक्षणं तिथे लहान पोरंही सांगतात : रस्सा नितळ, मुळ्याच्या चकत्या पांढऱ्या, मिरचीचं तेल लाल, कोथिंबीर आणि लसणाची पात हिरवी, नूडल्स पिवळसर. हा पिवळेपणा आणि ताण पीठ मळताना घालायच्या एका खाराने येतो. पूर्वी वाळवंटी झुडपं जाळून त्यांच्या राखेपासून तो करायचे. काउंटरवर जाडी सांगायची, केसासारखी बारीक ते पट्ट्यासारखी रुंद. समोरच माणूस पिठाचा गोळा ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो, आणि मिनिटाच्या आत वाडगा हातात. हा नाश्ता आहे, लक्षात ठेवा. नावाजलेली दुकानं पहाटे उघडतात आणि दुपारी बंद होतात.

आता तुमच्या दोघींसाठी. ‘मांस नको’ एवढं सांगून काम होत नाही, रस्साच हाडांचा असतो. त्याऐवजी न्यांगपी घ्या. गव्हाच्या पिठाच्या गार, जाड पट्ट्या, त्यावर तिखट तेल, व्हिनेगर, लसूण. सोबत पिठातून निघालेल्या चिकट भागाचे सच्छिद्र तुकडे. हे आपल्या जिभेला लगेच आवडतं. गोडात हुइदौझी, वाटाणे आणि खारका शिजवून घट्ट केलेलं. त्यनफैझी, आंबवलेल्या जवसारख्या धान्याचं, किंचित मादक असतं. लानचौच्या डोंगरात गोड लिलीचे कांदे पिकतात, ते सेलरीबरोबर परतून देतात. बटाटे तर गान्सूभर. ‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे. फोनवर चिनी अक्षरांत लिहूनच ठेवा.

आणि नदीकाठच्या चहाच्या खुर्च्यांवर झाकणाच्या वाटीतला चहा नक्की प्या. चहापत्ती, खडीसाखर, खारीक, जर्दाळू, गोजीची लाल फळं, लाँगन, बेदाणे. पाणी संपलं की पुन्हा ओततात. संध्याकाळ तिथेच घालवली तरी कुणी उठवत नाही.

बागाईतदार

खरबुजांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लानचौचं ‘पाइलान’ खरबूज, गुळगुळीत पांढरी साल, आत हिरवट गर. बियाणं अमेरिकेचं. १९४४ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस लानचौला आले होते. ते स्वतः शेतीतले माणूस, मक्याचं संकरित बियाणं काढणारे. त्यांनी हे बियाणं दिलं आणि बरीच वर्षं त्याला वॉलेस खरबूज म्हणत. वाळूमिश्रित जमिनीवर गोटे पसरून त्यात पीक घ्यायची तिथल्या शेतकऱ्यांची जुनी पद्धत आहे. ओल टिकते, रात्री ऊब राहते. खरबूज त्यात असं रुजलं की आज ते लानचौचंच म्हणून ओळखतात. कोरडवाहू शेती करणाऱ्यांनी ही गोट्यांची शेतं मुद्दाम बघावीत.

पाण्याच्या रहाटांबद्दल कुणी सांगेल का?

गोदाकाठ

सांगतो, ते राहिलंच होतं.

दुआन श्यू नावाचा लानचौचा माणूस मिंग दरबारात अधिकारी होता. नैऋत्येला, युन्नानकडे, नोकरीच्या निमित्ताने फिरताना त्याने बांबूचे रहाट पाहिले. गावी परतल्यावर १५५६ च्या सुमारास त्याने पीत नदीवर लाकडी रहाट उभा केला. इथला काठ उंच आणि नदी खाली, त्यामुळे पाणी दिसतं पण शेतात येत नाही अशी अवस्था होती. चाक खूप मोठं असतं, सोळा-सतरा मीटर व्यासाचं, त्याहून मोठीही. दगडी भिंत घालून प्रवाह अरुंद करायचा म्हणजे पाण्याला वेग येतो. प्रवाह फळ्यांना ढकलतो, चाक फिरतं, कडेला तिरके बांधलेले डबे खाली भरतात आणि माथ्यावर आल्यावर लाकडी पन्हळीत रिकामे होतात. बैल नको, माणूस नको. रात्रंदिवस चालायचं, नदी गोठेपर्यंत. १९५२ मध्ये लानचौच्या परिसरात असे २५२ रहाट मोजले होते. नंतर विजेचे पंप आले.

लोखंडी_रूळ

इथे माझा थोडा वेगळा सूर आहे. नदीकाठच्या बागेत जे रहाट दिसतात ते नव्याने केलेले आहेत. पन्हळीतून पडणारं पाणी कुठल्याच शेताला जात नाही. मग त्याला वारसा म्हणायचं का? तीच गोष्ट कातड्यांच्या तराफ्यांची. पर्यटकाला थोडं अंतर खाली नेतात आणि स्पीडबोटीने परत आणतात. लोखंडी पूल मात्र अजून पूल म्हणूनच वापरला जातो. माझ्या लेखी फरक आहे.

गोदाकाठ

फरक आहे, मान्य. पण रहाट करणारे हात अजून आहेत. एवढं मोठं चाक खिळ्यांशिवाय, खुंट्या आणि खाचा घालून, ताणून बसवणं हे नव्या लाकडात केलं तरी कसब जुनंच. ते कसब चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीतही आहे. शेताला पाणी जात नाही म्हणून सुताराने शिकवणं सोडलं, तर पुढच्या पिढीला चित्रच उरेल.

तराफ्याचंही तसंच. बकऱ्याचं कातडं पोटावर न फाडता अख्खं उतरवायचं, मीठ आणि तेल लावून मुरवायचं, तोंडाने फुगवून बांधायचं. अशी तेरा-चौदा कातडी लाकडी चौकटीखाली बांधली की लहान तराफा. माल नेण्यासाठी शेकडो कातड्यांचे मोठे तराफे लोकर घेऊन खाली पाओथौपर्यंत जायचे. प्रवाहाविरुद्ध तराफा येत नाही, म्हणून माल उतरवला की हवा सोडून, कातडी गुंडाळून, पाठीवर किंवा जनावरावर घालून परत यायचं. लहान तराफा तर नावाडी एकटा खांद्यावर उचलतो. काठाने तराफा पाठीवर घेऊन वर चालत येणारा माणूस आजही दिसतो, आणि तो देखावा नसतो. त्याला पुढच्या फेरीसाठी खरंच वर जायचं असतं.

लोखंडी_रूळ

सुतारांचा मुद्दा पटला. रिव्हेट मारणारे आता आमच्याकडेही सापडत नाहीत.

पोथीशाळा

मला एका प्रवाशाबद्दल लिहायचं आहे. युआन श्वांग (ह्युएनत्संग) भारताकडे निघाला तेव्हा सरहद्दीपलीकडे जायला सम्राटाची बंदी होती. त्याच्या चरित्रात वाट दिली आहे : चांगआनहून छिनचौ (आजचं त्यनश्वी), तिथे एक रात्र, मग लानचौ, तिथेही एकच रात्र. लानचौत त्याला सरकारी घोडे पोचवून परत निघालेली ल्यांगचौची माणसं भेटली, त्यांच्या सोबतीने तो पुढे गेला. ल्यांगचौला (आजचं वूवेई) महिनाभराहून अधिक थांबून प्रवचनं केली. तिथून पुढे लपतछपत.

हाच माणूस ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला. दुसऱ्या पुलकेशीबद्दल, इथल्या लोकांच्या स्वाभिमानी स्वभावाबद्दल त्याने लिहून ठेवलं. पूर्व सीमेवरच्या डोंगरातला विहार, दाराशी दगडी हत्ती, हे त्याचं वर्णन अभ्यासक अजिंठ्याशी जोडतात. लानचौच्या काठावर उभं राहिल्यावर मला तोच आठवत होता. नदी ओलांडून गेलेल्या हजारोंपैकी एकाने आपल्या प्रदेशाबद्दल लिहिलं, आणि ते आपल्या इतिहासाचं साधन झालं.

त्याच्याही दोनशेहून अधिक वर्षं आधी, ३९९ मध्ये, फाहियान चांगआनहून निघाला आणि याच टापूत, पश्चिमी छिनच्या राज्यात, त्याने पहिला वर्षावास केला. पश्चिमी छिन म्हणजे ज्यांच्या काळात बिंगलिंगचा तो लेख लिहिला गेला ते राज्य.

वूवेईला गेलात तर कुमारजीवाचा स्तूप बघा. वडील भारतीय, आई कुचाची. सतरा वर्षांच्या आसपास ल्यांगचौत अडकून पडला होता. पुढे त्याने चांगआनला जाऊन सूत्रांची भाषांतरं केली.

वाघूरकाठ

हे सगळं आमच्या शाळेत एकत्र कुणी सांगितलंच नाही. युआन श्वांग एका धड्यात, अजिंठा दुसऱ्या. आभार.

डॉ. कोटणीस या भागात होते का?

पोथीशाळा

लानचौत नाही. ते १९३९ मध्ये यनआनला पोचले. ते शेजारच्या शान्शी प्रांतात आहे, शीआनच्या उत्तरेला. पुढचं काम पूर्वेकडे, हपैच्या डोंगरी भागात. ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, समाधी शच्याच्वांगला आहे. त्यांच्यासाठी वेगळा प्रवास करावा, आणि करावाच.

शांघायवासी

संग्रहालयाबद्दल एक परिच्छेद. गान्सू प्रांताचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. पारपत्र बरोबर ठेवा आणि आधी नोंदणी करा. काशाचा उडता घोडा तिथेच आहे, वूवेईच्या लेइथाय थडग्यात १९६९ ला सापडलेला, साडेचौतीस सेंटिमीटर उंच. तीन पाय हवेत, चौथा उडत्या पक्ष्याच्या पाठीवर. त्याच्यासमोर गर्दी असते. मला जास्त थांबवलं ते मातीच्या रंगीत रांजणांनी, माच्यायाओ संस्कृतीच्या. चार-पाच हजार वर्षांपूर्वीचे, काळ्या रंगात भोवरे आणि लाटा. नदीकाठची माणसं काय बघत होती ते भांड्यावर दिसतं. आणि ग्रीक देव डायोनिससची चांदीची थाळी शोधा. ती १९८८ ला गान्सूतच, जिंगयुआनला सापडली.

मावळतीकडे

आता शेवटचं आणि कामाचं. कधी जावं, कसं जावं?

गोदाकाठ

मे ते ऑक्टोबर. बिंगलिंगची बोट पाण्याच्या पातळीवर आणि हंगामावर अवलंबून असते, म्हणून बाकी बेत तिच्याभोवती आखा. सकाळी लवकर निघा, काठावर परतीची वेळ पक्की विचारून घ्या. लेण्यांपाशी बोटी थोडाच वेळ थांबतात. १६९ बघायचं असेल तर बोटवाल्याला निघण्याआधी सांगून जास्त वेळ ठरवा, नाहीतर अर्ध्यात उतरावं लागतं. सोबत्यांपैकी कुणाचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी खालीच मैत्रेयापाशी थांबावं.

शीआनहून जलद गाडी तीन तासांच्या आसपास, हा मार्ग २०१७ ला सुरू झाला. विमानतळ शहरापासून बराच लांब, सत्तर किलोमीटर उत्तरेला, पण तिथून रेल्वे आहे. शहरात मेट्रो आहे आणि ती पीत नदीच्या खालून जाते. मुलांना हे फार आवडतं. राहायला नदीकाठ, चोंगशान पुलाच्या दक्षिणेला. उत्तर काठावर पांढऱ्या स्तूपाची टेकडी आहे, संध्याकाळी चढा. शहराची लांबट पट्टी आणि सगळे पूल एका नजरेत येतात. दक्षिणेला वूच्वान टेकडीवर १२०२ साली ओतलेली लोखंडी घंटा आहे.

पैसे फोनवरूनच द्यायची सवय ठेवा. आपली कार्डं चिनी ॲपला निघण्याआधी जोडून बघा. नकाशे आणि भाषांतर आधी उतरवून घ्या.

ताई, तुमचा महिना ठरला की इथेच कळवा. पाण्याची पातळी त्या सुमारास कशी असते ते शांघायवासींना विचारून सांगतो.

मावळतीकडे

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. आम्ही चौघी आहोत. १६९ ला तिघी चढणार.